जुनं घर घेतलंय: आधी सोलर, नवा एसी, खिडक्या की तपासणी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घर वीसेक वर्षं जुनं, नुकतंच ताब्यात आलंय, वीजबिल जास्त येतंय आणि हातात पैसे मोजके आहेत. सोलर, इन्व्हर्टर एसी आणि नव्या खिडक्या यांपैकी सुरुवात कशापासून करावी? तपासणी करून घेण्यात काही अर्थ आहे की तो नुसता पैसे काढायचा धंदा आहे? आणि तपासायला आलेला माणूस ‘दुरुस्तीही मीच करून देतो’ म्हणतोय, तर त्याला काम द्यावं का?

घरांचं वायरिंग तपासणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे माझं उत्तर विजेकडे झुकलेलं असणार हे धरूनच वाचा. तुम्ही सांगितलेल्या तिन्हींपैकी एकानेही सुरुवात करू नका. पहिला खर्च डीबीचं, म्हणजे घरातली वीज वेगवेगळ्या सर्किटांत वाटणाऱ्या डब्याचं, झाकण उघडून घेण्यावर करा. कारण ही तिन्ही कामं जुन्या वायरिंगवर, जुन्या गच्चीवर आणि जुन्या भिंतींवरच बसणार आहेत. खाली दोष तसाच राहिला तर वर केलेलं काम पुढे उखडावं लागतं, आणि ते पैसे कुठल्याच बिलातून वसूल होत नाहीत.

लोकांना वाटतं, एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारे स्विच) बसवलेत म्हणजे आग लागणार नाही. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट घेतो. त्याच्या बोर्डातला एक स्क्रू सैल आहे आणि त्या जागी अर्धा ओहम रेझिस्टन्स तयार झालाय असं समजा. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स केलं तर त्या एका स्क्रूपाशी साधारण 38 वॅट उष्णता निघते. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, तीही प्लास्टिकच्या डब्यात. एमसीबीच्या दृष्टीने मात्र सगळं आलबेल असतं, कारण करंट मर्यादेतच आहे. तो पडत नाही आणि तुम्हाला काही कळत नाही. डीबी उघडला की मी सगळ्यात आधी न्यूट्रल लिंक बघतो, म्हणजे सगळ्या न्यूट्रल वायरी जिथे जोडतात ती पट्टी. तिथे एखाद्या वायरचं आवरण टोकापाशी तपकिरी झालेलं, कडक पडलेलं असतं, नखाने दाबलं तर पापुद्रा निघतो, आणि शेजारच्याच वायरी नव्यासारख्या लुसलुशीत असतात. (हे नख लावणं पुरवठा तोडून, टेस्टरने खात्री करून झाल्यावरचं.) ती तपकिरी वायर बहुतेक वेळा गीझरची नाहीतर एसीची निघते. उपाय म्हणाल तर वायरचं जळकं टोक कापायचं, नवं टोक काढून स्क्रू नीट आवळायचा, आणि लिंकच खराब झाली असेल तर ती बदलायची. काम थोड्या वेळाचं आहे, पण कुणीतरी झाकण उघडून बघावं लागतं.

तुम्ही स्वतः मात्र ते झाकण उघडू नका. मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या वायरींत वीज असतेच.

झाकण न उघडता तुम्हाला बघता येईल असंही बरंच आहे. एमसीबीवर आकडा छापलेला असतो. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला साधारण 16 किंवा 20 अँपिअरचा एमसीबी लावतात. तिथे 32 चा दिसला तर समजा, आधी तो सारखा पडत होता म्हणून कुणीतरी ‘मोठा’ टाकून कटकट मिटवलीय. आता जास्त लोड आला की एमसीबीच्या आधी भिंतीतली वायर तापणार. दुसरं म्हणजे आरसीसीबी, करंट गळायला लागला की पुरवठा तोडणारा स्विच. तो डीबीत आहे का ते बघा; माणसाच्या संरक्षणासाठी 30 मिलिअँपिअरचा लागतो, 100 किंवा 300 चा असेल तर तो आगीपासून बचावासाठी आहे, शॉकपासून नव्हे. त्यावरचं टेस्टचं बटण दाबा. पुरवठा तोडला नाही तर तो बदलायचाच. पण बटण चाललं म्हणून अर्थिंग चांगलं आहे असा निष्कर्ष काढू नका. ते बटण आतल्या आतच करंटचा असमतोल तयार करतं, अर्थिंगची वायर पूर्ण तुटलेली असली तरी आरसीसीबी पडतो. ही गैरसमजूत मला वायरमन लोकांतही दिसते. जुन्या घरांत तर सॉकेटला तिसरं भोक असतं आणि मागे वायरच नसते. फ्रिजला किंवा वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पायात चप्पल घालून वापरणं हा त्यावरचा उपाय नाही, अर्थिंग मोजून घ्या.

आता बिलाचं बघू. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकतो तो आकडा लिहिलेला असतो, 1600 किंवा 3200 असा काहीतरी. रात्री घरातलं सगळं बंद करा. नुसतं रिमोटने नाही, स्विच बंद किंवा पिन काढून, फ्रिजसुद्धा तेवढ्यापुरता. मग घड्याळ लावून दोन लुकलुकींमधलं अंतर मोजा. 1600 च्या मीटरवर दर 45 सेकंदांनी एकदा होत असेल तर तासाला 80 वेळा झालं, म्हणजे 50 वॅट. वर्षभराचे 438 युनिट, आणि घरात कुणी काही वापरत नसताना! मग एकेक एमसीबी पाडत जा, कुठला पाडल्यावर दिवा थांबतो ते कळेल. त्या सर्किटवर एकतर विसरलेलं काहीतरी चालू असतं, कपाटामागचा जुना ट्रान्सफॉर्मर वगैरे, किंवा ओलीतून करंट गळत असतो. मेन पाडल्यावरही दिवा लुकलुकतच राहिला तर मीटर आणि मेनच्या मधल्या वायरवर दुसऱ्या कुणाचा तरी लोड आहे किंवा ती वायर खराब आहे. त्या वेळी वायरमनलाच बोलवा. सोलर बसवायच्या आधी ही एक चाचणी करा एवढंच माझं म्हणणं आहे, नाहीतर गळती भागवायला पॅनल घेतल्यासारखं होतं.

पाण्यालाही हीच युक्ती. रात्री नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा किंवा टाकीची पातळी लिहून ठेवा, सकाळी पुन्हा बघा.

भिंती आणि गच्चीबद्दल मी स्थापत्यवाला नसल्यामुळे थोडक्यातच सांगतो, पण हे माझ्या कामाच्या आड रोज येतं. बीमखालचं किंवा छताचं प्लास्टर नाण्याने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर ते सुटलंय. तिथे सळईच्या रेषेत तडा असेल आणि तांबूस डाग असतील तर आतलं लोखंड गंजतंय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. वरून पुट्टी आणि रंग मारून हे झाकणारे खूप भेटतात, घर विकायच्या वेळी तर विशेष. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहा. काही महिन्यांनी तो खुणेच्या पुढे सरकला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअर गाठा, नसेल तर उगाच घाबरू नका.

सोलरचा संबंध इथे येतो. पॅनलच्या उत्पादनाची हमी साधारण 25 वर्षांची असते. वॉटरप्रूफिंग क्वचितच तेवढं टिकतं. गच्ची गळत असताना पॅनल बसवले तर पुढे दुरुस्तीसाठी सगळी फ्रेम काढून पुन्हा बसवावी लागते, आणि फ्रेमचे बोल्ट ठोकताना उरलेलं वॉटरप्रूफिंगही फुटतं. म्हणून गच्ची आधी, पॅनल नंतर, आणि मधे अर्थिंग, कारण पॅनलच्या फ्रेमला आणि सर्ज संरक्षणाला (व्होल्टेज अचानक उसळलं तर वाचवणाऱ्या उपकरणाला) नीट अर्थिंग लागतंच.

खिडक्यांबद्दल मात्र सावध राहा. फटी बुजवून घर घट्ट करणं हा ऊर्जा वाचवायचा खरोखरच चांगला उपाय आहे, थंड हवेच्या ठिकाणी तर पहिल्या दोनतीन उपायांत बसणारा. पण घरात गॅसचा गीझर, शेगडी किंवा जळणारा कुठलाही हीटर असेल तर आधी त्याचा धूर बाहेर कसा जातो आणि ताजी हवा आत कुठून येते ते बघा. हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. निळी ज्योत पिवळी पडायला लागली, गीझरभोवती काजळी दिसली, किंवा घरातल्या सगळ्यांनाच एकदम डोकेदुखी, मळमळ सुरू झाली आणि बाहेर मोकळ्या हवेत बरं वाटलं, तर ज्योत बंद करा, घराबाहेर पडा आणि मदत बोलवा. इतकी वर्षं ज्या फटीमुळे हे टळलं होतं तीच आपण सिलिकॉन भरून बंद करतो. गॅसचा गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर खिडक्यांचा विचार नंतर, आधी तो बाहेर हलवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही घ्या, आणि गॅसगळतीचा वेगळा. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत लागतो, पाइपमधला नैसर्गिक वायू हलका असतो म्हणून त्याचा छताजवळ. उलटं बसवलेलं मी पाहिलंय.

विजेच्या गीझरचं तापमान तेवढं बघून घ्या. 60 अंशांचं पाणी अंगावर पडलं तर काही सेकंदांत भाजतं, म्हणून घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर नळावर गरम पाण्यात गार मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवणं चांगलं. टाकीतलं तापमानच फार खाली आणू नका. कोमट पाणी टाकीत दिवसेंदिवस राहिलं तर त्यात जंतू वाढतात. आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून तिथे बूच मारणाऱ्या प्लंबरला दारातूनच परत पाठवा. पाणी तापल्यावर फुगतं, ते थेंब तिथूनच पडायला हवेत.

एसीचा निर्णय तापमानापेक्षा तासांवर घ्या. दिवसाला बरेच तास चालत असेल तर इन्व्हर्टर एसीचा फायदा दिसतो, क्वचित चालवत असाल तर जुना चालू द्या आणि फिल्टर धुवा. ऊन कडक असेल तर पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली करा. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण काच ओलांडून आलेली उष्णता तोवर खोलीत शिरलेली असते. सपाट गच्चीवर पांढरा परावर्तक लेप दिला तर वरच्या मजल्यावर फरक जाणवतो, आणि तो वॉटरप्रूफिंगच्या कामातच उरकता येतो. जुना पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी मोटरचा (कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा) 30 च्या आसपास. दिवसाला 15 तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला वीसेक युनिट वाचतात. दिवाणखान्यात दिमाखाने टांगलेला पण कधीच न फिरणारा पंखा बदलून काही वाचत नाही. ज्याखाली झोपता तो बदला.

आता त्या तपासणीवाल्याचं. माझ्या मते तपासणारा आणि दुरुस्ती करणारा वेगवेगळा असलेला बरा, कारण काम स्वतःलाच मिळणार असेल तर दोष जास्त दिसायला लागतात. दुसरा माणूस मिळतच नसेल तर हाच घ्या, पण ‘सगळं वायरिंग बाद आहे’ या एका वाक्यावर विश्वास ठेवू नका, आकडे मागा. प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे वायरचं आवरण करंट किती अडवतं तो आकडा, 500 व्होल्टच्या मेगरने (तो मोजायच्या उपकरणाने) मोजलेला, किमान एक मेगाओहम. चांगल्या वायरिंगचा याहून कितीतरी जास्त येतो. मेगर लावायच्या आधी उपकरणांच्या पिना काढलेल्या हव्यात, नाहीतर आकडा चुकीचा येतो आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू बिघडतात ते वेगळंच. अर्थिंगचा रेझिस्टन्स. आणि 30 मिलिअँपिअरला आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला. साध्या आरसीसीबीला 300 च्या आत पडावं लागतं. हे तीन आकडे कागदावर, सर्किटवार. जो माणूस ‘त्याची काय गरज’ म्हणतो त्याच्याकडे बहुधा मेगरच नसतो.

या आकड्यांवरून कळेल की सगळं वायरिंग बदलायचं आहे की फक्त गीझर आणि एसीची दोन सर्किटं. बऱ्याच घरांत दोनतीनवरच भागतं. काम झाल्यावर तेच आकडे पुन्हा मोजून घ्या आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या. भिंत फोडून नवे पाइप टाकणार असाल तर प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीला मेजपट्टी टेकवून फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे शेल्फसाठी ड्रिल मारताना वायर कुठून गेलीय हे अंदाजाने ठरवायची वेळ येणार नाही.