‘मी कधीच प्रयोग चुकवलेला नाही’

‘प्रयोगाला जाता आलं नाही तर? पुन्हा कुणी घेईल का मला?’ व्यावसायिक नाटकात काम करणाऱ्यांकडून ही काळजी इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं. कुणाला ताप असतो, कुणाच्या घरी आजारपण, कुणाची तारीख मालिकेच्या चित्रीकरणाशी भिडलेली. यातलं कुणीही कामचुकार नसतं. खरे बेफिकीर लोक समुपदेशकाकडे येतच नाहीत.

मागे एक अभिनेत्री आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दोन अंकी विनोदी नाटक, दोनशेच्या वर प्रयोग, एकही चुकवलेला नाही. मग एका रविवारी दुपारी चारचा प्रयोग असताना दीड वाजता तिच्या घरून सूत्रधारांना, म्हणजे नाटकाचं व्यवस्थापन पाहणाऱ्यांना, फोन गेला. बोलला तिचा नवरा, कारण तिला आवाजच नव्हता. प्रयोग रद्द झाला. प्रेक्षकांना पैसे परत द्यावे लागले, नाट्यगृहाचं भाडं आणि जाहिरातीचा खर्च अंगावर आला, आणि नेपथ्य, प्रकाश, कपडेपट सांभाळणाऱ्या मंडळींची त्या दिवसाची नाईट, म्हणजे प्रयोगामागे मिळणारं मानधन, बुडाली. त्यानंतर तिसरी घंटा झाली की तिच्या छातीत धडधडायचं. तिला नाटकच सोडायचं होतं.

‘माझ्यामुळे सगळ्यांचं नुकसान झालं, मॅडम.’

‘झालं,’ मी म्हणाले. तिचं काही चुकलंच नाही असं सांगून तिची समजूत काढायची नव्हती मला. आपण काय केलं ते तिला स्पष्ट माहीत होतं. कुठे चुकलं, तेवढं मात्र ती भलतीकडे शोधत होती.

‘बालगंधर्वांची मुलगी गेली त्या दिवशी त्यांनी मानापमानचा पहिला प्रयोग केला. आणि मी साध्या तापानं...’

1911 सालची ती गोष्ट नाटकातला प्रत्येक जण ऐकतच मोठा होतो. मलाही ती हलवून जाते. पण शोक पोटात घालून गाता येतं. बसलेल्या गळ्यातून निष्ठेनंही सूर निघत नाही. शिवाय तो एका माणसानं एका दिवशी स्वतः घेतलेला निर्णय होता. त्याचा आपण सर्वांसाठी कायदा करून टाकला. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते, त्यामुळे माझे कान अशाच कायद्यांवर असतात: ‘च’ लागलेल्या वाक्यांवर. ‘प्रयोग व्हायलाच हवा.’ ‘मी कधीच चुकवत नाही.’

तिसऱ्या भेटीत मी तिला कागदावर तास मांडायला सांगितले. घसा कधी धरला? शुक्रवारी रात्री. शनिवारी सकाळी ताप 101. दुपारी आवाज निम्मा. तिनं रविवारच्या दीडपर्यंतचे तास मोजले. जवळजवळ चाळीस.

‘या चाळीस तासांत कुणाला कळवलं?’

‘कुणालाच नाही. रविवारपर्यंत बरं वाटेलच, असं वाटत होतं.’

‘आणि बदली कोण होती?’

ती बराच वेळ गप्प बसली. मी काही बोलले नाही. अशा वेळी बोललं की हातातलं निसटतं. मग हळू आवाजात म्हणाली, ‘पन्नासाव्या प्रयोगालाच सूत्रधार म्हणाले होते, एक मुलगी तयार करून ठेवू. मीच नको म्हटलं. मी आहे ना, म्हटलं.’ आणि थोड्या वेळानं, ‘ती उभी राहिली आणि हशा तेवढाच आला असता तर?’

ते वाक्य बाहेर यायला तीन भेटी लागल्या. आजारी पडणं तिच्या हातात नव्हतं. चाळीस तासांचं मौन आणि नाकारलेली बदली, या दोन गोष्टी मात्र तिच्या हातात होत्या, आणि दोन्हींचं मूळ ‘मी कधीच चुकवत नाही’ या अभिमानात होतं. ज्याला आपण कधीच गैरहजर राहणार नाही अशी खात्री असते, तो गैरहजेरीची तयारी करत नाही. म्हणून प्रयोग ऐनवेळी पडतो तो बहुतेकदा अशाच निष्ठावंत माणसामुळे. इतक्या वर्षांच्या कामातून माझ्या हाती लागलेलं हे निरीक्षण आहे आणि ते मला मोलाचं वाटतं.

लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या संगीतिकांत ‘स्विंग’ नावाचे कलाकार पगारावर असतात. समूहातल्या अनेक भूमिका त्यांना पाठ असतात आणि प्रेक्षकांना बदल आधी सांगितला जातो. आपल्याकडे नाईटवर चालणाऱ्या नाटकाला हा खर्च झेपत नाही. त्यामुळे बदली तयार ठेवायचा आग्रह मूळ कलाकारानंच धरावा, असं मी सांगते. नाटक स्थिरावलं की लगेच. संहितेच्या प्रतीत आपल्या हालचाली, वस्तू कुठून उचलायच्या आणि कुठे ठेवायच्या, कपडे बदलायला किती वेळ मिळतो, हे स्वतःच्या हातानं लिहून द्यावं. चित्रफितीवरून शब्द आणि जागा पाठ होतात, पण सहकलाकाराला वाक्य कधी द्यायचं ते कळत नाही. त्यासाठी सगळ्यांसोबत चार-पाच तालमी आणि प्रकाश-संगीतासह एक पूर्ण तालीम हवीच. बदलीच्या मापाचा वेगळा पोशाख शिवून ठेवावा. हे हमखास राहून जातं आणि मग पिना लावून वेळ मारून न्यावी लागते. महिन्या-दीड महिन्यातून एक प्रयोग तिला खरोखर करू द्यावा, नाहीतर पाठांतर शिळं होतं.

आजारपणात खात्री होईपर्यंत थांबू नये, शंका आली की कळवावं. वाक्यही आम्ही बसून लिहिलं: ‘घसा धरलाय, ताप 101 आहे. रविवारचं आत्ता सांगता येत नाही. सकाळी दहाला डॉक्टरांना दाखवते, बाराला नक्की कळवते. तोवर बदलीला सांगून ठेवा.’ यात माफी नाही, रडणं नाही, पण पुढच्या माणसाला हातपाय हलवायला वेळ आहे. बसलेल्या घशाला कुजबुजण्यानंही ताण पडतो, तेव्हा बोलणं पूर्ण बंद ठेवून लिहून कळवावं. आणि प्रयोग काढण्यासाठी मनानं गोळ्या घेऊ नयेत. सुजलेल्या स्वरतंतूंवर जोर दिला तर एका रविवारऐवजी महिने जातात.

मालिकेच्या तारखांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. नाट्यगृहाच्या तारखा बऱ्याच आधी हातात येतात. त्या चित्रीकरणवाल्यांना करारापूर्वीच लेखी द्याव्यात, प्रवासाचा वेळ धरून. तिथे मी कुणालाही सवलत देत नाही. आधी माहीत असलेली अडचण ऐनवेळी सांगणं म्हणजे सहकाऱ्यांना गृहीत धरणं.

नाटक तिनं सोडलं नाही. भावाच्या लग्नाच्या दिवशी बदलीनं पहिला प्रयोग केला. पुढच्या वेळी ही मुद्दाम दहाव्या रांगेत जाऊन बसली आणि दुसऱ्या दिवशी मला सांगायला आली: ‘दुसऱ्या अंकात फोन ठेवल्यावर ती माझ्यापेक्षा दोन सेकंद जास्त थांबते. हशा मोठा येतो.’ डोळ्यांत पाणी होतं. ‘आता मीपण थांबून बघणार आहे.’