मला कळायलाच हवं होतं

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं : ‘मॅडम, शेवटच्या दिवसांत माझं चुकलं.’ कुणी मागितलेलं पाणी दिलं नाही, कुणी नेमकं त्याच रात्री घरी झोपायला गेलं. या महिन्यात हे चौथ्यांदा ऐकलं, म्हणून एका नातीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे. ओळखू येतील अशा खुणा बदलल्या आहेत.

आजी कथकच्या. कथक नर्तकी रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती ही नृत्यसंस्था सुरू केली, त्या काळात ‘चांगल्या घरातल्या’ मुलीने पायात घुंगरू बांधले की आळीभर चर्चा व्हायची. अशा वातावरणात हट्टाने शिकलेल्यांपैकी आजी एक. पुढे राहत्या घराच्या माडीवर चाळीस वर्षं क्लास चालवला. नातीला त्यांनीच वाढवलं. तिने बारावीला नाच सोडला. आता ती आयटीत आहे.

आजी शेवटचे नऊ दिवस आयसीयूत होत्या. शुद्ध अर्धवट, उजवा हात सारखा हलता. सलाईनची सुई दोनदा निघाली, तेव्हा नर्सने विचारलं, “हात बांधू का?” नात ‘हो’ म्हणाली. तेराव्याला आजींची एक जुनी शिष्या पढंत करायला, म्हणजे हाताने ताल धरत नाचाचे बोल म्हणायला बसली. तिच्या हाताकडे बघता बघता नात पानावरून उठून गेली. त्यानंतर दोन महिने धड झोप नाही.

“हात कसा हलायचा, दाखव मला,” मी म्हटलं.

तिने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. तळवा गुडघ्यावर पडला, मग अंगठा करंगळीवर, अनामिकेवर, मधल्या बोटावर. पुन्हा टाळी. ओठ पुटपुटत होते, ता थेई थेई तत्. नवव्या मात्रेला हात उताणा झाला.

“तीनताल, मॅडम. ती मोजत होती. आणि मी तिचा ताल बांधून ठेवला.”

अशा आजारात माणसं पांघरूण चिमटतात, हवेत हात फिरवतात. आयसीयूतल्या डॉक्टरांना हे रोजचं. हे मी तिला सांगितलं नाही. आजी खरंच मात्रा मोजत होत्या की नाही, ते ठरवायला आता कोण येणार? आणि त्या मोजत होत्या, हेही तिला हवंच होतं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वळणाची. माझं भांडण एका अक्षराशी असतं, ते म्हणजे ‘च’. ‘मला कळायला हवं होतं’ यात हळहळ आहे, ती राहू द्यावी. माया होती म्हणूनच ती आहे. ‘कळायलाच हवं होतं’ हा मात्र हुकूम. हुकूम मोडला की शिक्षा आलीच, आणि ती देणारेही आपणच. अशा वेळी मी लोकांना ‘त्या’ दिवशी परत नेते. तुला तेव्हा काय माहीत होतं? “सुई निघाली तर औषध जाणार नाही.” मग ‘हो’ कशासाठी म्हणालीस? “ती जगावी म्हणून.” तेराव्याला कळलेली गोष्ट आयसीयूतल्या मुलीच्या माथी मारायची नसते. तुम्हीही असे अडकला असाल तर त्या दिवशी हाताशी होतं तेवढंच कागदावर लिहा, नंतर कळलेलं त्यात मिसळू नका. (झोप-जेवण आठवडेच्या आठवडे गेलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र कागदावर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा.)

नातीला हे सगळं पटलं. तीन भेटी ती शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान हलवत राहिली. नुसतं ‘पटतंय मॅडम’ म्हणणाऱ्या माणसांची मला धास्ती वाटते.

चौथ्या भेटीत मी युक्तिवादच सोडला. तीस वर्षांच्या कामात मला काही जमलं असेल तर ते हेच, कधी गप्प बसायचं.

बऱ्याच वेळाने विचारलं, “क्लासमध्ये कुणी चुकलं की आजी काय करायच्या?”

“थांबवायची. म्हणायची, समेपासून परत.” सम म्हणजे तालाची पहिली मात्रा.

“शिक्षा?”

“छे! एकदा चक्रदार चुकले म्हणून मी रडत बसले होते, तर म्हणाली, रडायचं तर घुंगरू सोडून रड, आवाज होतो.”

ती हसली. हसता हसता जे रडू फुटलं ते चांगलं वीस मिनिटं चाललं. मी टिश्यूचा डबासुद्धा पुढे सरकवला नाही. ज्या बाईने आयुष्यभर चुकणाऱ्यांना समेवर आणून सोडलं, तिच्याच नावाने नात स्वतःला शिक्षा देत होती. हे मी बोलून दाखवलं नाही, गरजच उरली नव्हती. त्या आठवड्यात ती झोपली.

शेवटच्या भेटीत मीच म्हटलं, मला तीनताल शिकव. टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट. आठपर्यंत ठीक चाललं. नवव्या मात्रेला मी जोरात टाळी दिली.

“मॅडम, इथे टाळी नाही, ‘काल’,” ती म्हणाली, आणि माझा हात धरून उताणा केला. “समेपासून परत.”