क्लोराइडला हात न लावता पाण्यातील फक्त फ्लोराइड पकडणारा रेणू बनवता येतो का?

हो, बनवता येतो. मात्र अशा एका रेणूच्या पिवळ्या द्रावणात फ्लोराइड घालताच ते लालभडक झाल्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिलात, एवढ्यावरून तो रेणू विहिरीच्या पाण्यातही चालेल असे समजू नये. मी फोंड्याला रसायनशास्त्र शिकवतो आणि विद्यार्थी असा रंगबदल दाखवतात तेव्हा माझा पहिला प्रश्न विद्रावकाचा असतो. बहुतेक वेळा तो पाणी नव्हे, तर डायमिथाइल सल्फॉक्साइड हा सेंद्रिय द्रव असतो. त्यात थोडे पाणी घातले की लाली ओसरून द्रावण पुन्हा पिवळे होते.

याचे मूळ फ्लोराइडच्या आकारात आहे. त्याची त्रिज्या सुमारे १३३ पिकोमीटर, तर क्लोराइडची १८१. एवढ्या लहान आयनावर ऋणभार दाटलेला असल्याने पाण्याचे रेणू त्याला घट्ट वेढून बसतात आणि तो वेढा सोडवायला मोलमागे सुमारे ५०० किलोजूल ऊर्जा लागते. क्लोराइडला सुमारे ३७० पुरते. युरिया किंवा कॅलिक्सपायरोल (वाटीसारखा वलयाकार रेणू) यांसारख्या ग्राही, म्हणजे आयन पकडणाऱ्या, रेणूंतील एन-एच (नायट्रोजन-हायड्रोजन) गट हायड्रोजन बंधांनी फ्लोराइडला धरतात खरे, पण एवढी किंमत पाण्यात त्यांना सहसा परवडत नाही. शिवाय फ्लोराइड अनेकदा ग्राहीचा प्रोटॉनच काढून नेतो आणि बायफ्लोराइड (दोन फ्लोराइडमध्ये एक प्रोटॉन असलेला आयन) तयार होते. रेणूतील हायड्रोजनची स्थिती दाखवणाऱ्या एनएमआर वर्णपटात १६ पीपीएमच्या (त्या वर्णपटाच्या मोजपट्टीवरील स्थान) आसपास बायफ्लोराइडचा त्रिशिखरी संकेत दिसला, तर तो रंग आयन पकडल्याचा नसून आम्ल-आम्लारी अभिक्रियेचा आहे, हे ओळखावे.

म्हणून मला ग्राही रेणूत बोरॉनचा अणू वापरण्याचा मार्ग अधिक आश्वासक वाटतो. बोरॉनची इलेक्ट्रॉन-जोडी सामावू शकणारी रिकामी कक्षा फ्लोराइडशी थेट बंध जोडते, क्लोराइडशी मात्र फारसा नाही. आणि त्याच रेणूवर धनभार बसवला की पाणी मिसळलेल्या विद्रावकातही पकड टिकते, हे टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील फ्रान्स्वा गब्बाई यांच्या गटाने दाखवले आहे. अर्थात हायड्रॉक्साइड आणि सायनाइडही बोरॉनला चिकटतात, त्यामुळे पीएच सांभाळावाच लागतो.

आमच्या गोव्यात मांडवी-जुवारी नद्यांच्या काठी विहिरींत खारे पाणी शिरते, तिथे निवडकतेची खरी कसोटी लागते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅम फ्लोराइड आणि २५० मिलिग्रॅम क्लोराइड धरले, तरी एका फ्लोराइड आयनामागे सुमारे ९० क्लोराइड आयन येतात. तेव्हा त्या व्हिडिओकर्त्यांना एवढेच विचारा: उदासीन पीएचच्या, एवढे क्लोराइड असलेल्या पाण्यात हा रेणू किती फ्लोराइड धरतो?