कीटकनाशकांचा भूजलाला किती धोका आहे हे सॉफ्टवेअरनं कळतं का? सोलापूर जिल्ह्यासाठी कोणतं वापरू?

कळतं. पण तुम्ही लिहिलंय की प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी युरोपच्या 'फोकस' संचातलं (मॉडेल चालवायला माती-हवामानासकट ठरवून दिलेली नमुना ठिकाणं) स्पेनचं सेविया निवडायला सांगितलंय, पाऊस जुळतो म्हणून. ते वाचून राहवलं नाही. सेविया घेऊ नका.

मी एका प्रकल्पात मॉडेल चालवायचो, तिथंही हेच झालं. फोकसच्या भूजल संचात ९ ठिकाणं आहेत, हॅम्बर्गपासून ग्रीसमधल्या थीवापर्यंत. आमच्या प्रमुखांनी सेवियावर बोट ठेवलं, कारण तिथं वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि आपल्याकडे ५५०च्या. तो पाऊस कधी पडतो हे कुणी विचारायचं? सेवियाला हिवाळ्यात पडतो. आपल्याकडे मृगात चार सरी, मग जुलै-ऑगस्टात ओढ, आणि उत्तरा-हस्तात एका रात्रीत बांध फुटायची वेळ. त्या ओढीत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात काठी सहज आत जाईल अशा भेगा पडतात. नेमकं त्याच दिवसांत उडदावर मावा येतो आणि इमिडाक्लोप्रिडचे पंप पाठीवर चढतात.

आम्ही वापरत होतो ते 'पर्ल' नावाचं मॉडेल पाणी मातीतून सावकाश, सगळीकडे सारखं झिरपतं असं धरून चालतं. भेगेचा हिशोबच नाही. त्यामुळे १ मीटर खोलीवरचं औषधाचं प्रमाण लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेखाली आलं आणि मसुद्यात 'धोका नगण्य' असं लिहून झालं. मी म्हणालो, रानात बघून येऊ. कुणी आलं नाही. मग सोलापुरात चादरीच्या सुताला रंग देणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून निळा रंग घेतला, चुलतभावाच्या वावरात टँकरच्या पाण्यात मिसळून सोडला आणि दुसऱ्या दिवशी जेसीबीनं खड्डा काढला. वरची वीतभर माती जेमतेम निळी, मधली बरीचशी कोरडी, आणि भेगेच्या दोन्ही कडांनी रंग सरळ खाली, मीटरच्याही पलीकडे. भाऊ खड्ड्यात उतरून बघत होता. त्याची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि घरचं पिण्याचं पाणी तिचंच.

फोटो बैठकीत दाखवले. "फोटो म्हणजे डेटा नव्हे," एवढं बोलून विषय संपवला गेला. मग सेवियाची माती मंगळवेढ्याची म्हणून लावणं हा डेटा कसा, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आता तुमचं काम. आधी 'गस' निर्देशांक काढा, औषध किती झिरपेल ते तो सांगतो, आणि त्याला सॉफ्टवेअरही लागत नाही: अर्धायुष्याचा (औषध मातीत निम्मं व्हायला लागणारे दिवस) लॉग गुणिले (४ वजा केओसीचा लॉग). केओसी म्हणजे औषध मातीतल्या सेंद्रिय कर्बाला किती चिकटतं त्याचा आकडा, आणि लॉग दहाच्या पायाचा. २.८च्या वर गेलं तर औषध झिरपणारं, १.८च्या खाली असेल तर मातीला धरून राहणारं. हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या माहितीसंचातले आकडे घेतलेत तर इमिडाक्लोप्रिड साडेतीनच्या वर जातं, क्लोरपायरिफॉस एकच्याही खाली राहतं. म्हणून क्लोरपायरिफॉस निर्धोक नाही. ते वाहत्या मातीबरोबर ओढ्यात जातं आणि तिथं मासे मारतं. ओढ्या-तळ्यांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं पीडब्ल्यूसी हे मॉडेल बघा. भेगांसाठी स्वीडनचं 'मॅक्रो', मोफत मिळतं, भेगांतला प्रवाह वेगळा धरतं. कॉर्नेल विद्यापीठाचा ईआयक्यू, म्हणजे औषधाचा पर्यावरणावरचा परिणाम एका आकड्यात सांगणारा निर्देशांक, मात्र सोडून द्या. त्यात तुमच्या रानाची माती नाही, पाऊस नाही, नुसता गुणाकार आहे.

हेही खरं की रंग म्हणजे औषध नव्हे. त्यानं वाट दिसते, प्रमाण कळत नाही. पाऊस लागून राहिला की भेगा मिटतात. शिवाय मॉडेलातलं अर्धायुष्य बहुधा २० अंशांवरचं असतं, आपल्या तापलेल्या मातीत औषध लवकर विघटित होतं, म्हणजे काही औषधांचा धोका मॉडेल जास्तही दाखवू शकतं. सांगोल्याच्या मुरमाड डाळिंबाच्या रानाला वरचं भेगांचं काहीच लागू नाही.

मार्गदर्शक सेवियावर अडून बसले तर दोन्ही चालवा, सेविया आणि स्थानिक मातीचं मॅक्रो, आणि दोन्हींचे आकडे प्रबंधात एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी छापा. ऑगस्टात रानात जाऊन भेगांची खोली मोजा आणि तीही त्याच तक्त्यात घाला. परिशिष्टात नको, तिथं कुणी बघत नाही.