केळी वेफर्सची पहिली रील करताना

ताई, रावेरचे केळी वेफर्स रीलवर विकायचं ठरवलंत, फार छान केलंत. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

पहिले दोन-तीन सेकंद. तिथेच माणूस थांबतो, नाहीतर बोट वर सरकवतो. नमस्कार, दुकानाचं नाव, लोगो यात ते घालवू नका. कच्चं केळं थेट कढईवर किसताना चकत्या पडतात आणि तेल फसफसतं, तोच शॉट आधी घ्या. त्यावर गाणं चढवू नका, चर्र आवाज तसाच राहू द्या. खावंसं वाटतं ते त्या आवाजानेच!

फोन उभा धरा. एका रीलमध्ये एकच माल. वेफर्स, पापड, कळण्याचं पीठ एकत्र कोंबू नका.

नवीन मंडळी हमखास चुकतात ते इथे:

- भाव, वजन सांगतच नाहीत. 'किंमत इनबॉक्समध्ये' म्हटलं की गिऱ्हाईक गेलंच.
- सिनेमाचं गाणं लावतात. धंद्याच्या जाहिरातीसाठी त्याचा परवाना लागतो.
- 'शुगरवाल्यांनाही चालतं' असले दावे करतात. हे अजिबात नको. पाकिटावरचा एफएसएसएआय नंबर, म्हणजे खाद्यपदार्थाच्या परवान्याचा नंबर, मात्र स्पष्ट दिसू द्या.

बूस्ट (पैसे भरून रील जास्त लोकांना दाखवणं), इन्फ्लुएन्सर (पुष्कळ फॉलोअर्स असलेल्यांकडून जाहिरात) वगैरे सध्या राहू द्या. आधी दोन-तीन रील टाका आणि कमेंटमध्ये कुणी भाव विचारला, तर त्याच दिवशी उत्तर द्या.