आकडा कोणाच्या टेबलावर जाणार?

अन्नधोरण, शाश्वतता आणि लोकसहभाग या क्षेत्रात संशोधन करणाऱ्या, करू पाहणाऱ्या ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांची पत्रं या वेळी निवडली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत. उत्तरं काही ठिकाणी पत्राच्या कितीतरी पट लांब झाली, त्याला इलाज नव्हता.

प्रश्न : एमएसडब्ल्यू झालं आहे, ऐरोली-दिघा पट्ट्यात एका संस्थेबरोबर काम करते. ‘नवी मुंबईतील स्थलांतरित कुटुंबांची अन्नसुरक्षा’ या विषयावर पीएचडी करायची आहे. दोन गाईडनी ‘विषय फार मोठा आहे’ म्हणून परत पाठवलं. लहान म्हणजे किती लहान?
— वाचक, दिघा

उत्तर : एका माणसाला तीन वर्षांत मोजून संपवता येईल इतका लहान. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीचा कालावधी किमान ३ आणि कमाल ६ वर्षं आहे, आणि त्यात किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क आलं. म्हणजे प्रत्यक्ष वस्तीत फिरायला एक, फार तर दीड वर्ष हातात राहतं.

तुमच्या विषयात निदान चार प्रबंध दडलेत. त्यातला एकच उचला. उदाहरणार्थ : गावाकडचं रेशन कार्ड असलेले नाका कामगार (रोजंदारीसाठी सकाळी नाक्यावर उभे राहणारे) नवी मुंबईत त्या कार्डावर धान्य उचलतात का, आणि उचलत नसतील तर गाडी नेमकी कुठे अडते? कार्ड कुठलंही असो, धान्य दुसरीकडेही उचलता यावं अशा ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत महाराष्ट्र आणि गुजरात ऑगस्ट २०१९मध्ये जोडले गेले, पुढे ती देशभर पसरली. कुटुंबातल्या काहींनी आपला वाटा गावात आणि बाकीच्यांनी इथे उचलावा, अशी सोयही तिच्यात आहे. अडचण कागदावर नाही, दुकानात येते. कुणाचं आधार रेशन कार्डाला जोडलेलं नसतं, कुणाचा थंब दुकानातल्या पॉस मशीनवर (ओळख पटवणाऱ्या यंत्रावर) लागत नाही (सिमेंटमध्ये काम करणाऱ्यांची बोटं झिजलेली असतात). दुकानाचा कोटा मुख्यतः त्याच्या स्वतःच्या कार्डांवर ठरतो, त्यामुळे महिनाअखेरीस आलेल्या बाहेरच्या माणसाला ‘माल संपला’ हे उत्तर मिळतं. यातली प्रत्येक अडचण वेगळ्या टेबलावरची आहे. आधारची एकीकडे, कोट्याची शिधावाटप कार्यालयाकडे. म्हणून ती वेगवेगळीच मोजायला हवी. ‘७० टक्के लोकांना अडचणी आल्या’ असं एकच वाक्य लिहिलंत, तर ते कुणाच्याच कामाचं नाही.

नमुना किती घ्यायचा? प्रमाण काढायचं असेल आणि ५ टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर ३८४ हा आकडा प्रत्येक पुस्तकात सापडतो. पण तो सुट्या-सुट्या निवडलेल्या माणसांसाठी आहे. तुम्ही नाके निवडून त्यावरची माणसं घेणार, आणि एका नाक्यावरची माणसं बहुधा एकाच भागातली, एकमेकांच्या ओळखीने आलेली असतात. अशा वेळी आकडा साधारण दुप्पट धरतात, म्हणजे ७६८. एकटीला हे झेपणार नाही. १० टक्क्यांची सूट मान्य केली तर ९६, दुपटीने १९२. पाऊण तासाची एक मुलाखत, दिवसाला चार-पाच, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस दिवस. हे होण्यासारखं आहे. नाक्यावर सकाळी आठ-साडेआठनंतर जे उरतात त्यांनाच काम मिळालेलं नसतं. फक्त त्यांनाच विचारलंत तर नमुना तिथेच कलला, तेव्हा संध्याकाळी खोल्यांवरही जा.

भूक मोजायला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची (एफएओ) आठ प्रश्नांची पट्टी वापरणार असाल तर एक पथ्य पाळा. ‘पैसे किंवा इतर साधनं नसल्यामुळे’ हे शब्द आठही प्रश्नांत उच्चारायचेच. घाईत ते गळतात, आणि मग ‘दिवसभर काही न खाता राहिलात का?’ या प्रश्नाला श्रावणी सोमवार करणारी बाई सरळ ‘हो’ म्हणते. नवरात्रात आणि रमजानमध्ये तर ही मोजणी ठेवूच नका.

बायकांच्या आहारातली विविधता पाहायची असेल तर १५ ते ४९ वयोगटासाठी दहा अन्नगटांची पट्टी आहे. कालच्या दिवसात किमान पाच गट यायला हवेत. १५ ग्रॅमहून कमी खाल्लेलं धरत नाहीत. चहातलं दूध, भाजीवरची कोथिंबीर, भाताबरोबर चिमूटभर सुकटीची चटणी, सगळं बाद. बटाट्याची भाजीही भाज्यांत येत नाही, ती भात-पोळीच्या गटात. हे आधी दहा-बारा घरांत स्वतः घोटून घ्या, नाहीतर आकडे फुगतात.

गाईड शोधताना आधी जागा विचारा. प्राध्यापकांकडे ८, सहयोगी प्राध्यापकांकडे ६ आणि सहायक प्राध्यापकांकडे ४ विद्यार्थी, एवढीच मर्यादा आहे. विषय आवडला पण जागा नाही, हे सहा महिन्यांनी कळून उपयोग नाही.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या हॉस्टेल मेसमध्ये वाया जाणाऱ्या अन्नाचं मोजमाप विद्यार्थ्यांकडून करून घेतलं. एक दिवस ताटामागे २० ग्रॅम, दुसऱ्या दिवशी १४०. काहीच अर्थ लागत नाही. पद्धतीत काय चुकलं असावं?
— प्राध्यापिका, ठाणे

उत्तर : दोन्ही आकडे खरे असू शकतात, पण तुम्ही बहुधा तीन वेगळ्या गोष्टी एकाच बादलीत मोजल्यात. निवडताना-चिरताना गेलेलं, शिजून भांड्यात उरलेलं आणि ताटात टाकलेलं, यांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. पहिलं स्वयंपाक्याच्या हातात, दुसरं अंदाजाच्या चुकीत, तिसरं वाढपात आणि चवीत. तेव्हा बादल्या तीन, तीन रंगांच्या. ताटातल्यासाठी आणखी चार छोट्या : भात, पोळी, भाजी, वरण-आमटी. हाडं, शेवग्याची चोखलेली शेंग, लिंबाची साल, कढीपत्ता वेगळा काढा. ते खाण्याजोगं नव्हतंच, त्याला वाया गेलं म्हणायचं नाही.

सगळ्यात जास्त घोळ पाण्याचा होतो. मुलं ताटातच हात धुतात, किंवा उरलेलं ताक ओततात. बादलीचं वजन वाढतं आणि दोष भाताच्या माथी बसतो. बादलीच्या तोंडावर मोठी चाळणी ठेवा, पाच मिनिटं निथळू द्या, मग वजन करा. वरण-आमटीचं मात्र चाळणीशिवाय, वेगळ्या बादलीत. ३० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा, ५ किंवा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पुरतो. रोज सुरुवातीला बंद पिशवीतलं ५ किलो पीठ ठेवून तपासा. मेसची जमीन ओली आणि उताराची असते, काटा डुगडुगतो आणि आकडा वर-खाली होतो. खाली प्लायवूडचा तुकडा ठेवला की प्रश्न मिटतो.

भागाकार कशाने केलात? धुवायला आलेल्या ताटांनी केला असेल तर तो चुकला. दोघं एका ताटात जेवतात, कुणी दोन ताटं घेतं. कूपन किंवा हजेरीची नोंद घ्या. ३०० जेवणारे आणि ताटातलं १८ किलो, तर माणशी ६० ग्रॅम. त्यात ९ किलो भात निघाला, तर शिजलेला भात कच्च्याच्या अडीच ते तीन पट धरून रोज ३ ते साडेतीन किलो तांदूळ जातोय. मेस कमिटीला ग्रॅम कळत नाहीत, तांदळाची पिशवी कळते. आकडा त्याच भाषेत सांगा.

सलग १० दिवस मोजा आणि पहिले दोन आकडेवारीतून वगळा. कोणी मोजतंय म्हटल्यावर मुलं ताट चाटूनपुसून ठेवतात, ते दोन-तीन दिवसांत ओसरतं. तुमचे २० आणि १४० याच्यातूनही आले असतील, किंवा एका दिवशी पुलाव होता आणि दुसऱ्या दिवशी दुधी. म्हणून रोजचा मेनू नोंदवहीत हवाच. परीक्षेचा आठवडा, रविवारची फीस्ट, एकादशी-चतुर्थी टाळा किंवा वेगळी मांडा.

आणि एक, जे पद्धतीच्या पुस्तकात क्वचित असतं. भांडी घासणाऱ्या मावशींना आणि स्वयंपाक्यांना पहिल्या दिवशीच सांगा की ही तुमची तपासणी नाही. त्यांना तसं वाटलं तर उरलेलं अन्न मोजण्याआधीच मागच्या दाराने जातं, आणि तुमचा भांड्यातला आकडा शून्य येतो. शून्य दिसला की खूश होऊ नका, स्वयंपाकघरात जाऊन बसा.

उपाय सुचवताना वाढपाच्या डावापासून सुरुवात करा. भाताचा डाव एक माप लहान आणि दुसऱ्यांदा घ्यायला मुभा, एवढ्यावरच बराच फरक पडतो. खर्च जवळजवळ नाही, म्हणून कमिटी नाही म्हणत नाही. यूजीसीचा समाजाभिमुखतेचा २ श्रेयांकांचा अभ्यासक्रम तुमच्याकडे चालत असेल तर हे काम त्यात बसवा. मुलांना श्रेयांक मिळतील आणि तुम्हाला दरवर्षी नवी आकडेवारी.

प्रश्न : येऊरच्या पाड्यांवरून आणि शहापूर-मुरबाडकडून ठाण्यात येणाऱ्या बायका पावसाळ्यात रानभाज्या विकतात. त्यांची पद्धतशीर नोंद करायची आहे. सुरुवात कुठून?
— वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, ठाणे

उत्तर : बाजारातून. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे, वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय आतून एक पानही नमुन्याला तोडू नका. बाजारात विकत घेतलेली जुडी मात्र तुमची.

विक्री किलोवर नाही, वाट्यावर आणि जुडीवर चालते. एकाच भाजीचे पाच-सहा वाटे वेगवेगळ्या बायकांकडून घ्या, वजन करा, सरासरी काढा. मग निवडून खाण्याजोगा भाग पुन्हा तोला. फोडशीतला मधला कडक भाग काढून टाकला की वजन बरंच उतरतं, आणि पोषणाचा हिशेब त्या उरलेल्यावर करायचा. नावांत गफलत ठरलेली : फोडशी कुणाकडे कुलू होते. म्हणून प्रत्येक भाजीचा नमुना वर्तमानपत्रात दाबून वाळवा. पण कोवळ्या पानावरून ओळख पक्की होत नाही, टाकळ्याला फुलं यायला पाऊस बराच सरावा लागतो. त्याच बाईकडे तेव्हा परत जा. ओळख पडताळायला मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे.

शेवळं या रानभाजीच्या नोंदीत ती कशाबरोबर शिजवतात हे लिहिलं नाहीत तर नोंद अर्धवटच नाही, घातक आहे. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, घसा धरतो. म्हणून बायका शेवळांच्या जुडीबरोबर काकडंही (आंबट रानफळं) विकतात, नाहीतर चिंच-आमसूल तरी घालायला सांगतात.

भाजी विकत घेतली म्हणजे संमती मिळाली, असं नाही. गिऱ्हाइकाच्या वेळेत मुलाखत नको, आणि भाजी नेमकी कुठल्या ओढ्याकाठी मिळते ते छापू नका. पुढच्या मोसमात तिथे दुसराच कुणीतरी पोत्याने उपटून नेईल.

प्रश्न : शिवभोजन केंद्रांबद्दल (राज्य सरकारची स्वस्त थाळीची योजना) माहितीच्या अधिकारात अर्ज केला. ‘मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं. आता?
— पत्रकारितेचा विद्यार्थी, नेरूळ

उत्तर : तुम्ही निष्कर्ष मागितलात, कागद मागायला हवा होता. ‘केंद्रं नीट चालतात का, किती लोकांना लाभ झाला’ असं विचारलं की हेच उत्तर येतं. केंद्रनिहाय मासिक थाळीसंख्येचं विवरणपत्र आणि अनुदानाच्या देयकांच्या प्रती मागा, तारखा घालून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, १० रुपये शुल्क. कागद जास्त असतील तर प्रतींऐवजी पाहणी मागा, तो हक्क कायद्यातच आहे. उत्तर आल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील. थाळीचं ठरलेलं माप माहीत असू द्या : ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. योजना २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली तेव्हा ताटाला १० रुपये होते. थाळीसंख्या आणि शिजवलेल्या धान्याचा ताळा जमतो का, हे मग तुम्हीच ताडून पाहू शकता.

प्रश्न : रस्त्यावरच्या भाजीवाल्यांचा दोन वर्षं अभ्यास केला. ८० पानांचा इंग्रजी अहवाल महापालिकेत दिला. पोच मिळाली, पुढे काहीच नाही. धोरणावर परिणाम व्हावा असं वाटत असेल तर काय करायचं?
— सहायक प्राध्यापक, कोपरखैरणे

उत्तर : तो अहवाल कपाटात आहे, राहू दे. दोन पानांचं मराठी टिपण करा आणि त्यात तीनच गोष्टी लिहा : कोणत्या विभागाने करायचं, कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्यातून) आणि अंदाजे किती खर्चात. अंदाजपत्रकाच्या मागण्या विभागांकडून आधीच गोळा होतात, त्यामुळे टिपण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पोचायला हवं. फेब्रुवारीत दिलेलं टिपण पुढच्या वर्षासाठीच असतं.

पथविक्रेता कायदा २०१४चा आहे. त्याखाली नेमायच्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी हवेत, त्यात एक तृतीयांश बायका. तुमचं टिपण त्या प्रतिनिधीच्या हातून समितीत मांडलं गेलं तर ते इतिवृत्तात येतं. प्राध्यापकांच्या सहीने आलेलं आवक-जावकमध्ये थांबतं.

त्याआधी मात्र तेच टिपण भाजीवाल्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. तुम्ही नकाशावर टाकलेले ठिपके अतिक्रमण विभागाच्या गाडीला रस्ता दाखवतात, हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतील. ठिपके काढा, प्रभागनिहाय बेरजा ठेवा. अहवालासोबत मूळ नकाशा जोडून दिला असेल, तर आवक क्रमांक घालून आजच पत्र द्या आणि तो बदलून घ्या.