फ्लास्कमध्ये एकाच पत्त्यावर गेट आणि पोस्ट या दोन्ही रिक्वेस्ट कशा हाताळाव्यात?

पुण्यातील एका वाचनालयासाठी आपण फ्लास्कमध्ये (पायथनमध्ये वेबसाइट बनवण्याच्या फ्रेमवर्कमध्ये) सभासद-नोंदणीचे पान करत आहात. पान नीट उघडते, मात्र फॉर्म सबमिट करताच ४०५ एरर (ही मेथड या पत्त्यावर चालत नाही) येतो, आणि गेट (पान मागवणे) व पोस्ट (माहिती पाठवणे) या दोन्ही मेथडसाठी फंक्शन एकच लिहावे की दोन, असे आपण विचारले आहे.

एररचे कारण साधे आहे. रूट (पत्ता आणि फंक्शन यांची जोडणी) लिहिताना मेथड सांगितल्या नाहीत, तर फ्लास्क त्या पत्त्यावर गेट स्वीकारतो (हेड आणि ऑप्शन्स या मेथड आपोआप सोबत येतात), त्यामुळे फॉर्मची पोस्ट रिक्वेस्ट आपल्या फंक्शनपर्यंत पोहोचतच नाही. रूटच्या ‘मेथड्स’ या आर्ग्युमेंटमध्ये गेट आणि पोस्ट या दोन्हींची यादी द्यावी. यादीच द्यावी, नुसती स्ट्रिंग दिल्यास रूट नोंदवतानाच टाइपएरर येतो. घाईत केवळ पोस्ट लिहिली, तर उलट प्रकार होतो: पानच उघडत नाही.

फ्लास्क २.० पासून, म्हणजे २०२१ पासून, गेट आणि पोस्टसाठी स्वतंत्र डेकोरेटरही (फंक्शनच्या वर लिहायच्या, रूट नोंदवणाऱ्या ओळी) मिळतात, आणि त्यामुळे एकाच पत्त्यावर दोन फंक्शन लिहिणे सुटसुटीत झाले आहे. फक्त त्यांची नावे वेगळी ठेवावीत. तरीही नोंदणीच्या फॉर्मसाठी मी एकच फंक्शन लिहीन. सभासदाने मोबाइल क्रमांकाचा एखादा आकडा गाळला, तर त्याने भरलेली बाकीची माहिती तशीच ठेवून तोच फॉर्म चूक दाखवणाऱ्या सूचनेसह पुन्हा दाखवावा लागतो, आणि दोन फंक्शन केल्यास पान दाखवण्याचे काम दोन्हीकडे लिहावे लागते. पुस्तकांची यादी दाखवणे आणि पुस्तक परत घेणे या कामांत मात्र असे काहीच सामाईक नाही. तिथे फंक्शन वेगळीच हवीत.

नोंदणी यशस्वी झाल्यावर पोस्टच्या उत्तरात थेट पान दाखवू नये. ३०३ हा स्टेटस कोड देऊन सभासदाच्या पानाकडे रीडायरेक्ट करावे. तसे न केल्यास कोणी पान रिफ्रेश करून ब्राउझरच्या सूचनेला होकार दिला, की तोच फॉर्म पुन्हा जातो आणि एकाच माणसाचे दोन सभासद क्रमांक तयार होतात. मग त्याचा खुलासा द्यावा लागतो, आणि पुण्यातील वाचनालय असल्यामुळे तो बहुधा लेखी मागितला जाईल.

आपण विचारले नाही, पण ‘सभासदत्व रद्द करा’ ही सोय साध्या लिंकवर ठेवू नये. लिंक म्हणजे गेट, आणि गेटने सर्व्हरवरील माहिती बदलू नये अशी एचटीटीपीच्या प्रमाणकाचीच अपेक्षा आहे; ब्राउझर किंवा सर्च इंजिनचे क्रॉलर त्या भरवशावर, कोणी क्लिक केलेले नसतानाही, लिंक उघडू शकतात. एचटीएमएल फॉर्ममध्ये मेथड म्हणून डिलीट लिहून हा प्रश्न सुटत नाही, कारण ब्राउझर ती ओळखत नाही आणि मुकाट्याने गेटच पाठवतो. म्हणून रद्द करण्यासाठी पोस्ट पाठवणारे बटण ठेवावे आणि त्या फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या साइटवरून फसवून पाठवलेली रिक्वेस्ट रोखणारे गुप्त चिन्ह) घालावे. फ्लास्क ते स्वतःहून देत नाही, त्यासाठी फ्लास्क-डब्ल्यूटीएफ हे एक्स्टेन्शन वापरता येते.